होळकरांचा संघ: अकरा मोसम, दहा अंतिम सामने

१९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा मोसमांत रणजी करंडकाचे अकरा अंतिम सामने झाले. त्यांपैकी दहा सामन्यांत एक संघ ठरलेलाच होता, तो म्हणजे इंदूरचा होळकर संघ. चार वेळा करंडक इंदूरला गेला, सहा वेळा उपविजेतेपदावर समाधान मानावे लागले. समोर कधी मुंबई आली, कधी बडोदा, कधी गुजरात, बंगाल किंवा मद्रास. प्रतिस्पर्धी बदलत राहिले, पण अंतिम फेरीतली होळकरांची जागा फक्त एका मोसमात हुकली. आणि एवढी पत असलेला हा संघ १९५५ नंतर रणजीच्या यादीतून कायमचा पुसला गेला. कोणत्याही खेळात उतरणीला लागलेले संघ बंद पडतात. हा संघ बंद पडला तेव्हा मात्र त्याने नुकताच एक अंतिम सामना खेळलेला होता. याचे कारण विचारले की एक सोपे उत्तर मिळते: संस्थान विलीन झाले, राजाश्रय आटला, म्हणून संघही संपला. हे उत्तर इतके स्वाभाविक वाटते की ते तपासून पाहावे असे फारसे कुणाला वाटत नाही. पण तारखा आणि धावफलक शेजारी ठेवून पाहिले तर ते टिकत नाही. होळकर संघ राजाच्या इच्छेने जन्मला हे खरे. तो टिकला मात्र खेळाडूला महिन्याचा पगार आणि राहायला एक गाव मिळवून देणाऱ्या व्यवस्थेवर. ही व्यवस्था राजा गेल्यावरही काही वर्षे चालत राहिली, आणि तिच्यात नवी माणसे येणे थांबले तेव्हा संघाचा शेवट जवळ आला.

खानदेशच्या वाचकाला होळकर परके नाहीत. मल्हाररावांचे बालपण तळोद्याला मामा भोजराज बारगळ यांच्या आश्रयाने गेले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सातपुड्याच्या दक्षिणेला होळकरांचा मोठा मुलूख होता. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरची लढाई हरल्यावर जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने तो इंग्रजांच्या हाती गेला, आणि पुढच्याच महिन्यात तापीकाठच्या थाळनेरच्या गढीवर होळकरांच्या किल्लेदाराला फासावर चढवण्यात आले. राज्य सातपुड्याच्या पलीकडे आक्रसले तरी वाट तुटली नाही. तुकोजीराव दुसरे यांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज देऊन खंडवा ते इंदूर रेल्वे बांधवून घेतली. त्यामुळे भुसावळहून बुऱ्हाणपूरमार्गे खंडव्याला जायचे, तिथे मीटरगेजच्या गाडीत बसायचे आणि घाट चढून महूवरून इंदूरला उतरायचे, असा दक्षिणेतल्या मराठी माणसाचा माळव्यातला रस्ता ठरून गेला.  इंदूरच्या दरबारात, शाळांत आणि कचेऱ्यांत मराठी माणसांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या होती. पुणे, कोल्हापूर किंवा मुंबईहून एखादा क्रिकेटपटू इंदूरला नोकरीसाठी गेला तर तो परमुलखात गेला असे त्याला वाटण्याचे कारण नव्हते. संघाच्या घडणीत या गोष्टीचा वाटा मोठा आहे, आणि क्रिकेटच्या पुस्तकांत तिची दखल फारशी घेतली जात नाही.

त्या काळात क्रिकेट खेळून पोट भरत नसे. सामन्याचे मानधन नावापुरते असे आणि मोसम काही महिन्यांचा. चांगल्या खेळाडूला वर्षभर जगवायचे तर कुणीतरी नोकरी द्यायला हवी. मुंबईत बँका, गिरण्या आणि व्यापारी पेढ्या होत्या. इतरत्र संस्थानिक होते. नागपूरच्या सी. के. नायडूंना इंदूरच्या दरबाराने बोलावून होळकरांच्या लष्करात हुद्दा दिला, आणि पुढे सारा देश त्यांना ‘कर्नल’ म्हणू लागला. १९२६ मध्ये मुंबईत गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध अकरा षटकारांसह १५३ धावा काढणारे आणि १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे नेतृत्व करणारे नायडू इंदूरचे रहिवासी झाले, आणि गावातल्या मुलांना कुणाकडे पाहून खेळायचे हे कळले. त्या मुलांपैकी मुश्ताक अली सर्वांत तेजस्वी. १९३६ मध्ये मँचेस्टरला ११२ धावा काढून परदेशात कसोटी शतक ठोकणारे ते पहिले भारतीय ठरले. आपल्या आत्मचरित्रात नायडूंचे ऋण त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे. तीसच्या दशकात हे दोघे रणजीत मध्य भारताच्या संयुक्त संघाकडून खेळत. त्याच संघात काही काळ सांगलीचे विजय हजारेही होते, कारण त्यांना देवासच्या महाराजांचा आश्रय होता. १९४१-४२ पासून होळकरांचा स्वतंत्र संघ रणजीत उतरला, तेव्हा गादीवर यशवंतराव दुसरे होते. माणिकबाग राजवाड्याच्या आधुनिक सजावटीसाठी आणि ब्रांकुशीच्या शिल्पांसाठी कलाजगत त्यांना ओळखते; क्रिकेटमध्ये त्यांचे काम पैसा, पदे आणि मोकळीक देण्याचे होते. मैदानावरचा कारभार नायडूंकडे होता, आणि तो लष्करी शिस्तीचा होता. मल्हारराव आणि अहिल्याबाईंच्या घराण्याचे नाव एका क्रिकेट संघाला मिळाले आणि देशभरच्या वर्तमानपत्रांत ते दर हिवाळ्यात छापून येऊ लागले.

याची किंमत कुणी मोजली, हा प्रश्न मराठी वाचकाने विचारायला हवा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असे सलग दोन वेळा रणजी करंडक जिंकला. त्या महाराष्ट्राकडून खेळणारे हजारे पुढे बडोद्याला गेले. सागरला जन्मलेले चंदू सरवटे इंदूरला गेले. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर आणि यष्टिरक्षक-फलंदाज कमल भांडारकर हेही होळकरांकडून खेळले. त्या दोन विजेतेपदांनंतर अनेक दशके महाराष्ट्राला करंडक मिळाला नाही. यावरून कुणी म्हणेल की होळकरांनी आणि बडोद्याच्या गायकवाडांनी पुण्याचे खेळाडू पळवले. मला हा आरोप अन्यायाचा वाटतो. खेळाडू पुण्याचे असले तरी त्यांच्या चुलीची जबाबदारी पुण्याने घेतली नव्हती. पुण्यात मैदाने होती, जाणकार प्रेक्षक होते, देवधरांसारखा गुरू होता. वर्षभर क्रिकेट खेळू देईल अशी नोकरी देणारे फारसे कुणी नव्हते. तरुण माणसाने कीर्ती एका गावात आणि भाकरी दुसऱ्या गावात असा संसार किती दिवस करावा?

या व्यवस्थेचे पहिले मोठे फळ १९४५ च्या मार्चमध्ये मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर दिसले. अंतिम सामना निकाल लागेपर्यंत खेळायचा अशी तेव्हाची रीत होती. मुंबईने पहिल्या डावात ४६२ धावा केल्या, होळकरांनी ३६०. दुसऱ्या डावात मुंबईने ७६४ धावांचा डोंगर रचला. त्यात विजय मर्चंट यांच्या एकट्याच्या २७८ होत्या. रुसी मोदी यांनी ९८ आणि १५१ धावा काढून मोसमातल्या आपल्या रणजी धावा १,००८ वर नेल्या. एका मोसमात हजार धावांचा टप्पा त्यांच्याआधी कुणी गाठला नव्हता. होळकरांपुढे ८६७ धावांचे लक्ष्य होते. अशा वेळी बहुतेक संघ हात टेकतात. होळकरांनी ४९२ धावा काढल्या. मुश्ताक अली यांनी पहिल्या डावात १०९ आणि दुसऱ्यात १३९ केल्या, आणि दुसऱ्या टोकाला एक इंग्रज फलंदाज शेवटपर्यंत नाबाद राहिला. तो होता डेनिस कॉम्प्टन. महायुद्धामुळे सैन्यात भरती होऊन तो इंदूरजवळच्या महूच्या छावणीत सार्जंट मेजर होता. छावणी होळकरांच्या दारात, खेळाडू इंग्लंडच्या कसोटी संघातला. नायडूंनी त्याला संघात घेतले नसते तरच नवल. त्याने नाबाद २४९ धावा काढल्या आणि तरीही होळकर ३७४ धावांनी हरले. दोन्ही संघांच्या मिळून २,०७८ धावा झाल्या, आणि एका सामन्यातल्या एकूण धावांचा तो जागतिक विक्रम ठरला. पण या सामन्यातला माझ्या लेखी सर्वांत बोलका आकडा वेगळा आहे. नायडूंचे धाकटे बंधू सी. एस. नायडू यांनी दोन डावांत मिळून ९१७ चेंडू टाकले, ४२८ धावा दिल्या आणि ११ बळी घेतले. एका प्रथम श्रेणी सामन्यात इतके चेंडू त्याआधी किंवा त्यानंतर कुणी टाकलेले नाहीत. मार्चच्या मुंबईच्या उकाड्यात दीडशेहून अधिक षटके लेगस्पिन टाकत राहणे हे निव्वळ हौसेचे काम नाही. कर्णधार थोरला भाऊ होता आणि त्याने चेंडू परत मागितला नाही, एवढ्यावरून त्या संघाची शिस्त कळते.

पुढच्या मोसमात इंदूरला उपांत्य सामन्यात म्हैसूर समोर आले. होळकरांनी ८ बाद ९१२ धावांवर डाव घोषित केला. भांडारकर १४२, सरवटे १०१, माधवसिंह जगदाळे १६४, नायडू १०१, निंबाळकर १७२, प्रतापसिंह १००: एका डावात सहा शतके. हा विक्रम आजही इंदूरच्या नावावर आहे. म्हैसूरचे गरुडाचार यांनी त्या डावात तीनशेवर धावा दिल्या. ही शतके कुणाची होती तेही पाहा. कोल्हापूरचे निंबाळकर, पुण्याकडचे भांडारकर, सागरचे सरवटे, इंदूरच्या मराठी घरातले जगदाळे, नागपुरात वाढलेले तेलुगू भाषक नायडू. कसोटीतला नामांकित शतकवीर मुश्ताक अली या सहांत नाही, आणि त्यांच्यावाचूनही नऊशेचा आकडा ओलांडला गेला. एका ताऱ्याभोवती उभा केलेला संघ असा खेळ करू शकत नाही. अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध पन्नाशी गाठलेल्या नायडूंनी द्विशतक काढले, होळकर ५६ धावांनी जिंकले आणि करंडक पहिल्यांदा इंदूरला आला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात भारताचा संघ इंग्लंडला गेला असता ओव्हलवर सरे परगण्याविरुद्ध दहाव्या क्रमांकावर खेळणारे सरवटे (नाबाद १२४) आणि अकराव्या क्रमांकावरचे शुटे बॅनर्जी (१२१) यांनी शेवटच्या विकेटसाठी २४९ धावा जोडल्या. तळाचे दोन फलंदाज एकाच डावात शतके काढतात हे इंग्लंडला अजब वाटले असेल. होळकरांच्या संघात वरच्या फळीत शतके काढणाऱ्या सरवट्यांना खालच्या क्रमांकावर पाठवले गेले होते, एवढाच त्यातला अचंबा.

मग १९४७ चा मार्च. बडोद्यात अंतिम सामना, समोर गायकवाडांचा संघ, म्हणजे माळवा आणि गुजरातेतल्या दोन मराठी गाद्यांची गाठ. होळकर पहिल्या डावात २०२ वर आटोपले. बडोद्याचे ३ बाद ९१ झाले तेव्हा सामना समतोल होता. तिथून हजारे आणि गुल मोहम्मद यांनी चौथ्या विकेटसाठी ५७७ धावा जोडल्या. हजारे २८८, गुल मोहम्मद ३१९. कोणत्याही विकेटसाठीचा हा जागतिक विक्रम ठरला आणि २००६ मध्ये कोलंबोत संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ धावा जोडेपर्यंत तो टिकला. बडोद्याने ७८४ धावा केल्या आणि होळकर एक डाव आणि ४०९ धावांनी हरले. पंजाब पेटलेला होता आणि देशाच्या फाळणीची चर्चा प्रत्येक घरात होती, त्या दिवसांत सांगलीच्या एका ख्रिस्ती आणि लाहोरच्या एका मुसलमान फलंदाजाची ही भागीदारी झाली. काही वर्षांनी गुल मोहम्मद पाकिस्तानकडून कसोटी खेळले. मुश्ताक अली इंदूरलाच राहिले. मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेत हेच मुश्ताक मुस्लिमांकडून आणि नायडू हिंदूंकडून खेळत, एकमेकांच्या विरोधात. इंदूरला परतले की एकाच संघाच्या टोप्या घालत. धर्मावर आधारलेली ती स्पर्धा १९४६ मध्ये बंद पडली, आणि ते योग्यच झाले. ती चालू असताना गावाच्या आणि नोकरीच्या नात्यावर बांधलेला एक संघ अनेक वर्षे सुखाने खेळत होता, हे त्या काळाचा इतिहास सांगताना विसरले जाऊ नये. धर्माच्या नावावर संघ केले नाहीत तर प्रेक्षक येणार नाहीत, असे पंचरंगीचे समर्थक म्हणत. होळकर, बडोदा आणि मुंबईच्या रणजी लढतींनी त्याला मैदानावरच उत्तर दिले.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. १९४७-४८ मध्ये होळकरांनी मुंबईला अंतिम सामन्यात हरवले, तेव्हा संस्थान अजून कागदावर शिल्लक होते. मे १९४८ मध्ये इंदूर, ग्वाल्हेर आणि इतर संस्थाने मिळून मध्य भारत हे राज्य झाले. यशवंतराव त्याचे उपराजप्रमुख झाले, पण इंदूरचा खजिना, लष्कर आणि कचेऱ्या आता त्यांच्या राहिल्या नाहीत. राजाश्रय हाच संघाचा प्राण असता तर इथून घसरण दिसायला हवी होती. प्रत्यक्षात विलीनीकरणापूर्वी होळकर चार अंतिम सामने खेळले आणि त्यांतले दोन जिंकले. विलीनीकरणानंतर सहा खेळले आणि त्यांतलेही दोन जिंकले. १९५०-५१ मध्ये गुजरातवर १८९ धावांनी मात केली, १९५२-५३ मध्ये बंगालवर पहिल्या डावातल्या आघाडीच्या जोरावर. अंतिम फेरी हुकली ती १९४८-४९ च्या एकाच मोसमात. त्या डिसेंबरात पुण्यात महाराष्ट्राकडून खेळताना निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या. ब्रॅडमन यांचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर आला असताना राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी सामना सोडून दिला आणि क्रिकेटमधली एक कायमची हळहळ मागे राहिली. त्या डावात निंबाळकरांबरोबर ४५५ धावांची भागीदारी करणारे भांडारकरच होते. म्हणजे ९१२ च्या डावातले दोन शतकवीर त्या मोसमात महाराष्ट्राच्या बाजूने होते. एवढ्यावरून होळकरांच्या त्या वर्षीच्या अपयशाचे खापर त्यांच्या गैरहजेरीवर फोडणे घाईचे होईल. तरी हा संघ राजाच्या गादीपेक्षा इंदूरमधल्या माणसांच्या मुक्कामावर अवलंबून होता, याला तेवढा दुजोरा नक्की मिळतो. निंबाळकर इंदूरला परतले आणि होळकरांचे अंतिम सामने पुन्हा सुरू झाले.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की तेव्हाची रणजी स्पर्धा आजच्या मानाने उथळ होती. संघ थोडे, बाद पद्धतीचे मोजके सामने, दोन-तीन विजयांत अंतिम फेरी. हे खरे आहे. पण दहा अंतिम सामन्यांपैकी चार मुंबईशी झाले आणि तीन बडोद्याशी, म्हणजे देशातल्या सर्वांत बळकट दोन संघांशी. तिथे त्यांनी मुंबईला एकदा आणि बडोद्याला एकदा हरवले, पाच वेळा हार पत्करली. पराभव कधी दारुण होते: १९५१-५२ मध्ये मुंबईने ५३१ धावांनी चिरडले. तरी पुढच्याच मोसमात हाच संघ विजेता ठरला. दुसरा आक्षेप असा की विलीनीकरणानंतरही यशवंतरावांची खासगी संपत्ती होती, तनखा होता, क्रिकेटवरचे प्रेम होते. मग राजाश्रय संपला कुठे? हाही मुद्दा मानला पाहिजे. महाराजांचे लक्ष पूर्णपणे हटले असते तर संघ इतका टिकला नसता. पण एका माणसाच्या खासगी पैशातून सामन्यांचा खर्च निघतो. डझनभर कुटुंबांचा संसार आणि त्यांच्या मुलांचे शिक्षण त्यातून चालत नाही. ते चालले नोकऱ्यांवर. खेळाडूंनी इंदूरला घरे केली, तिथल्या शाळांत मुले घातली. वकिलीची पदवी असलेले आणि बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ म्हणून ओळखले गेलेले सरवटे आयुष्यभर इंदूरचे राहिले, पुढे राष्ट्रीय निवड समितीत गेले आणि १९८३ चा विश्वविजेता संघ निवडणाऱ्यांत त्यांचा समावेश होता. माधवसिंह जगदाळ्यांचे चिरंजीव संजय जगदाळे भारतीय क्रिकेट मंडळाचे सचिव झाले. राजाच्या लहरीवर आणलेली माणसे राजा गेल्यावर पांगतात. ही माणसे गावातच रुजली.

पण रुजलेल्या पिढीच्या मागे दुसरी पिढी आणण्याचे काम कुणाकडे राहिले नव्हते, आणि तिथे संघ खचला. १९५१-५२ च्या मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यातला एक प्रसंग क्रिकेटच्या बखरकारांनी पुन्हा पुन्हा सांगितला आहे. दत्तू फडकर यांचा उसळता चेंडू नायडूंच्या तोंडावर बसला, दात तुटले; नायडूंनी ते खेळपट्टीवरून बाजूला सारले आणि पुन्हा तसाच चेंडू टाकायला सांगितले. तेव्हा त्यांचे वय छप्पन्न होते. या गोष्टीत धैर्य आहे यात शंका नाही, आणि ती ऐकताना ऊर भरून येतो. पण छप्पन्न वर्षांच्या माणसाला मुंबईसमोर फलंदाजीला उभे राहावे लागते, याचा दुसरा अर्थही आहे: त्याची जागा घेणारा तरुण इंदूरने तयार केलेला नव्हता. १९५२-५३ च्या विजेतेपदानंतर नायडू आंध्रकडे गेले आणि साठी उलटल्यावरही उत्तर प्रदेशकडून रणजी खेळले. त्यांच्यामागे होळकरांनी १९५३-५४ मध्ये मुंबईकडून आणि १९५४-५५ मध्ये इंदूरलाच मद्रासकडून अंतिम सामन्यात हार खाल्ली. बाळू अळगण्णन यांच्या मद्रासने ४६ धावांनी जिंकून आपला पहिला रणजी करंडक नेला. त्या वेळी मुश्ताक अली चाळिशीत होते, निंबाळकर आणि सरवटे पस्तिशीच्या आसपास. शेवटच्या होळकर संघाचा कणा म्हणजे दहा वर्षांपूर्वीचाच कणा होता. १९४५ पूर्वी दरबार दर एक-दोन वर्षांनी कुणालातरी बोलावून हुद्दा देई. १९४८ नंतर असे बोलावणारे दार बंद झाले. आधी दिलेल्या नोकऱ्या चालू राहिल्या, म्हणून संघ सात मोसम खेळत राहिला आणि जिंकतही राहिला. नव्या नोकऱ्या नव्हत्या, म्हणून त्याला पुढे काही उरले नाही.

१९५५-५६ पासून होळकरांऐवजी मध्य भारताचा संघ रणजीत आला, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मध्य प्रदेश. इथे बडोद्याशी तुलना करणे उपयोगाचे आहे, कारण बडोदा संस्थानही १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले होते. तरी तिथल्या क्रिकेट संघटनेचा स्वतंत्र संघ राहिला, १९५७-५८ मध्ये त्याने पुन्हा करंडक जिंकला आणि २०००-०१ मध्येही. म्हणजे संस्थान जाणे हे संघाच्या मरणाला पुरेसे कारण नव्हते. शेजारचे उदाहरण तेच सांगते. इंदूरच्या संघटनेला मात्र ग्वाल्हेर, जबलपूर, भोपाळ, रायपूर अशा दूरदूरच्या केंद्रांबरोबर एका मोठ्या राज्याच्या चौकटीत सामावून जावे लागले. त्या नव्या संघाला अंतिम फेरी गाठायला १९९८-९९ पर्यंत थांबावे लागले. त्या सामन्यात चंद्रकांत पंडित यांच्या नेतृत्वाखाली तो कर्नाटककडून हरला. २०२२ मध्ये तेच पंडित प्रशिक्षक असताना बंगळूरला मुंबईला हरवून मध्य प्रदेशाने पहिल्यांदा करंडक घेतला. होळकरांची चार विजेतेपदे या हिशेबात धरली जात नाहीत. इंदूरच्या आंतरराष्ट्रीय मैदानाला २०१० मध्ये होळकरांचे नाव मिळाले, आणि पुढच्याच वर्षी वीरेंद्र सेहवागने तिथे वेस्ट इंडिजविरुद्ध एकदिवसीय सामन्यात २१९ धावा काढल्या.

खेळाडूला पोसण्याचे जे काम दरबाराने केले, ते पन्नासच्या दशकात सरकारी खात्यांकडे आणि कारखान्यांकडे गेले. सेनादलाचा संघ १९४९-५० पासून रणजीत आला, रेल्वेचा १९५८-५९ पासून. भुसावळसारख्या जंक्शनच्या गावात खेळात चमकलेल्या मुलाच्या घरी रेल्वेतल्या भरतीची चर्चा होऊ लागली ती तेव्हापासून. वीज मंडळाने भुसावळजवळच्या दीपनगरला वसाहत उभारली, तिच्यात घरांबरोबर मैदानही आले, आणि जळगावात जैन इरिगेशनसारख्या उद्योगाने खेळाडूंना पगारावर घेतले. ही सगळी त्याच व्यवस्थेची रूपे आहेत. फरक इतकाच की हुद्दा देणारा आता राजा नाही, आणि भरतीची जाहिरात निघते, त्यामुळे कुणाची मर्जी सांभाळावी लागत नाही. जळगाव आणि धुळ्याचा मुलगा आजही महाराष्ट्राच्या संघात जायचे तर पुण्याच्या निवड चाचणीतूनच जातो. पुण्याला खेळाडू सापडत होते आणि इंदूरला ते टिकत होते, ही १९४० च्या दशकातली वाटणी आता रेल्वे, बँका आणि वीज कंपन्यांनी देशभर पसरवून दिली आहे. निंबाळकरांची कारकीर्द हा सगळा बदल एका माणसात दाखवते. बडोदा, महाराष्ट्र, होळकर आणि राजस्थान यांच्याकडून खेळून झाल्यावर त्यांनी प्रथम श्रेणीतली शेवटची वर्षे रेल्वेच्या संघात काढली. एका डावात ४४३ धावा काढलेल्या या फलंदाजाला भारताकडून एकही कसोटी खेळायला मिळाली नाही.